झाकणासाठी स्पेनला

स्पेनला जाऊन आलेला मराठी माणूस माद्रिदची चित्रे पाहून येतो, बार्सिलोनातले ते वर्षानुवर्षे बांधकाम चाललेले चर्च पाहून येतो, सेव्हिलमध्ये एक रात्र नाचगाण्याला हजेरी लावतो आणि बैलांची झुंज मात्र आपण मुद्दाम पाहिली नाही, हे घरी आल्यावर अभिमानाने सांगतो. एक्स्त्रेमादुरा प्रांताचे नाव त्याच्या कार्यक्रमपत्रिकेत नसते. पोर्तुगालच्या सरहद्दीला पाठ लावून बसलेला हा मुलूख; विरळ वस्तीचा, उन्हाळ्यात करपणारा आणि इतिहासात एकदाच काय तो गाजलेला. मेक्सिको जिंकणारा एर्नान कोर्तेस इथल्या मेदेयीन गावचा आणि पेरू लुटणारा पिसारो इथल्याच त्रुहियोचा. घरी पिकत नाही म्हणून पोरे जग लुटायला बाहेर पडली आणि त्यांच्या मागे हा प्रांत होता तसाच राहिला, असे माझे मत झाले. इतिहासकारांचे काय असेल ते असो.

त्याच विरळ वस्तीचा आता एक फायदा झाला आहे. वस्ती नाही म्हणजे दिवे नाहीत आणि दिवे नाहीत म्हणजे रात्र काळीभोर. अशी रात्र हल्ली युरोपात शोधावी लागते. उत्तरेकडच्या ढगाळ, झगमगत्या शहरांतली हौशी मंडळी आपापल्या दुर्बिणी इथे आणून ठेवतात आणि घरी बसून संगणकावरून चालवतात. फ्रेहेनाल दे ला सिएर्रा या गावाजवळचे 'एन्त्रे एन्सिनास इ एस्त्रेयास' हे अशा सोयीचे नामांकित ठिकाण. नावाचा अर्थ 'ओक आणि तारे यांच्या मध्ये'. त्याच पंचक्रोशीतल्या दुसऱ्या एका लहानशा आवारात माझ्या भाच्याची दुर्बीण आहे. गेल्या ऑक्टोबरात मी आणि सौ. तिकडे गेलो, ते त्या दुर्बिणीचे झाकण निवडायला.

"एवढ्याशा झाकणासाठी एवढ्या लांब?" असे सौ.च्या मैत्रिणींनी विचारलेच. प्रश्न रास्त आहे. डब्याचे झाकण बसेनासे झाले तर आपण भांड्यांच्या दुकानात जातो, स्पेनला जात नाही. पण हे झाकण साधे नव्हे. ते मोटारीवर उघडते आणि मिटते, मिटले की त्याच्या आतल्या अंगाला एकसारखा पांढरा उजेड पडतो, आणि हे सगळे हुकूम त्याला हजारो मैलांवरून सुटतात. जाणकार त्याला मोटराइज्ड फ्लॅट पॅनेल म्हणतात. आमच्या घरात त्याला शेवटपर्यंत झाकणच म्हटले गेले.

दुर्बिणीचे मालक तिघे. एक भाचा, जर्मनीत नोकरी करणारा. दुसरा त्याच्याच कचेरीतला तमिळ मित्र. आणि तिसरे, वाटा सर्वांत लहान पण शब्द सर्वांत मोठा असे, साताऱ्याचे मास्तर. भाच्याला शाळेत गणित त्यांनी शिकवले. यवतेश्वरच्या डोंगरावर पोरांना घोंगडीवर उताणे झोपवून नक्षत्रे ओळखायला लावणारे हे मास्तर आज अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत. गुडघे गेले, डोंगर सुटला आणि शहराचे दिवे त्यांच्या अंगणापर्यंत आले. या वयात त्यांना पुन्हा आकाश दिसू लागले ते या स्पेनमधल्या दुर्बिणीतून. घड्याळानेही त्यांना साथ दिली. स्पेनचे घड्याळ आपल्यापेक्षा उन्हाळ्यात साडेतीन आणि हिवाळ्यात साडेचार तास मागे चालते. मास्तर पहाटे चारला उठतात तेव्हा तिकडे रात्र नुकती भरात आलेली असते. त्यांचा चहा, आंघोळ, पूजा आटोपून दहा-साडेदहा वाजले की तिकडे फटफटू लागते. जागरण न करता रात्रभर आकाश पाहणारा दुसरा माणूस साताऱ्यात नसेल.

दुर्बीण एकीकडे आणि पाहणारा दुसरीकडे, ही गोष्ट आता नवलाची राहिलेली नाही. लडाखमध्ये हानले येथे सुमारे ४५०० मीटर उंचीवर आपली २ मीटर व्यासाची हिमालयन चंद्र दुर्बीण आहे. २००० साली तिने पहिल्यांदा आकाश पाहिले. ती चालवतात बंगळूरजवळच्या होसकोटेहून, उपग्रहामार्फत. तिच्याच शेजारी ०.७ मीटरची 'ग्रोथ इंडिया' ही दुर्बीण मुंबईच्या आयआयटीने बंगळूरच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेच्या सोबतीने २०१८ साली सुरू केली; ती तर बरेचसे काम स्वतःच्या बुद्धीने करते. अशा मोठ्या घरच्या दुर्बिणींच्या दिमतीला माणसे असतात. भाच्याची दुर्बीण अवघी दहा इंची. तिच्या दिमतीला कोणी नाही, म्हणून तर झाकणाचा एवढा घोळ.

सेव्हिलहून उत्तरेला गाडी निघाली की तासाभरात सिएर्रा मोरेनाचे डोंगर लागतात. डोंगर कसले, आपल्या सह्याद्रीपुढे टेकड्याच. पण चढण सुरू झाली आणि उकाडा खाली राहिला. अरासेना गेले, हाबूगो गेले. हाबूगो हे डुकराच्या मांसासाठी जगात नावाजलेले गाव, आणि आम्ही दोघे शाकाहारी! रस्त्याच्या दोन्ही अंगांना ओकची झाडे लांब लांब पेरल्यासारखी उभी, खाली वाळके गवत आणि त्यात काळी डुकरे निवांत चरताना. ऑक्टोबर संपता संपता या झाडांची फळे गळू लागतात आणि मग पुढचे काही महिने डुकरांची दिवाळी. असल्या रानाला तिकडे 'देहेसा' म्हणतात. धड जंगल नाही, धड कुरण नाही. आपल्याकडे मुद्दाम झाडे राखलेली गायराने असती तर अशी दिसली असती.

फ्रेहेनाल गाव पांढऱ्या भिंतींचे आणि चढउतारांच्या गल्ल्यांचे. मधोमध टेम्पलर संन्यासी-योद्ध्यांचा तेराव्या शतकातला किल्ला आहे आणि किल्ल्याच्या पोटात काय असावे? बैलझुंजीचे गोल मैदान आणि शेजारी भाजीबाजार! तटाच्या आत एका अंगाला झुंज, दुसऱ्या अंगाला वांगी-टोमॅटो. सौ.ला ही व्यवस्था फार पसंत पडली. बेनितो आरियास मोंतानो हा मोठा पंडित १५२७ साली याच गावात जन्मला. पुढे एस्कोरियालच्या राजग्रंथालयाची मांडणी त्याने केली. जेवायला आम्हांला 'मिगास' मिळाले. शिळा पाव कुस्करून तेलात लसूण आणि लाल मिरचीपूड घालून परततात. मांसाचे तुकडे न घालता करा, हे समजावण्यात भाच्याची पाच मिनिटे गेली, पण ताट समोर आले तेव्हा दोघांच्याही तोंडून एकदमच निघाले, "अरे, हा तर आपला पोळीचा कुस्करा!" मिरची अमेरिकेतून आधी या लोकांच्या हाती लागली आणि आपल्याकडे ती पोर्तुगिजांनी गोव्याच्या वाटेने आणली. तेव्हा नाते अगदीच ओढूनताणून आणलेले नव्हे.

दुर्बिणींचे आवार गावापासून बरेच आत, कच्च्या रस्त्यावर. लांबून पाहिले तर कोंबड्यांची खुराडी वाटावीत अशा पत्र्याच्या शेडी. प्रत्येक शेडीचे छप्पर रुळांवर बसवलेले. संध्याकाळी ते आपोआप बाजूला सरकते आणि आतल्या आठ दुर्बिणी उघड्या पडतात. सगळे मालक परगावचे. रात्री तिथे बोलायला माणूस नाही, पण एक इकडे वळते, दुसरी तिकडे वळते, मोटारी किरकिरतात, थांबतात. अंधारात एकट्याने उभे राहिले तर अंगावर काटा येतो. देखरेखीला एक गृहस्थ आहेत. ते दिवसा येतात, रात्री लांब आपल्या घरी असतात आणि बोलावून आणले तर वेगळे पैसे घेतात. त्यांच्या जागी मी असतो तर मीही घेतले असते.

आता झाकणाच्या आतल्या अंगाला उजेड कशाला, ते सांगायला हवे. पांढऱ्या स्वच्छ भिंतीचा कॅमेऱ्याने फोटो काढा. भिंत सारखी असली तरी फोटो सारखा येत नाही. मध्यभागी उजळ, कोपऱ्यांत थोडा काळपट. दुर्बिणीचेही तसेच. कोपऱ्यांपर्यंत प्रकाश कमी पोचतो. शिवाय कॅमेऱ्यापुढच्या काचेवर धुळीचा कण बसला की फोटोत त्याची सावली मेदूवड्यासारखी उमटते, मधले भोकसुद्धा असते. तिसरी गोष्ट, कॅमेऱ्याच्या आतल्या चकतीवर प्रकाश टिपणारे लक्षावधी बारीक चौकोन असतात आणि ते सगळे सारख्या तिखट नजरेचे नसतात. अशी पहिली चकती, जिला सीसीडी म्हणतात, विलर्ड बॉइल आणि जॉर्ज स्मिथ यांनी १९६९ साली बेल प्रयोगशाळेत शोधली आणि २००९ साली नोबेल पारितोषिक मिळवले. आज हौशी मंडळी वापरतात त्या चकत्या निराळ्या जातीच्या, पण खोड तीच.

उपाय मात्र शाळकरी आहे. ज्याचा उजेड सगळीकडे अगदी सारखा आहे अशा वस्तूचा त्याच दुर्बिणीतून फोटो घ्यायचा. त्याला 'फ्लॅट' म्हणतात. त्यात कोपरा मध्यापेक्षा शेकडा वीसने काळा आला, तर आकाशाच्या फोटोतला कोपराही तेवढाच बुडालेला असणार. मग एकाला दुसऱ्याने भागायचे. ऐंशीला ०.८ ने भागले की शंभर. धूळ गेली, कोपरे उजळले, चौकोनांची नजर सारखी झाली. अट एवढीच की दोन्ही फोटोंच्या वेळी कॅमेरा तसूभरही फिरलेला नको आणि प्रत्येक रंगाच्या गाळणीचा फ्लॅट वेगळा हवा. भाच्याच्या दुर्बिणीला सात गाळण्या आहेत आणि एकेका गाळणीचे पंचवीस फ्लॅट घ्यायचे. करा हिशेब.

"थोडा काळपट कोपरा राहिला तर बिघडते कुठे?" मी विचारले. भाच्याने हंस तारकापुंजातला ओढणीसारखा तेजोमेघ दाखवला. हजारो वर्षांपूर्वी फुटून गेलेल्या एका ताऱ्याची ही राख. चंद्राच्या सहापट रुंदीवर पसरलेली, तलम, जेमतेम दिसणारी. फोटो कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिनेच भरतो. अशा वेळी कोपरा काळा आहे तो तिथे राख नाही म्हणून, की दुर्बिणीचा दोष म्हणून, हे फ्लॅटवाचून ब्रह्मदेवालाही सांगता यायचे नाही. मास्तरांनी वर्षभर या राखेचा ध्यास घेतला होता.

फ्लॅट घेण्याची फुकटची रीत जुनी आहे: सूर्य मावळल्यावर, तारे दिसण्याआधी, स्वच्छ संधिप्रकाशाचा फोटो घ्यायचा. मोठमोठ्या वेधशाळांत आजही ही रीत चालते. पण तो उजेड क्षणोक्षणी ओसरतो. अर्ध्या तासात सात गाळण्या उरकायच्या. अरुंद रंगाच्या गाळण्या आधी, कारण त्यांना जास्त उजेड लागतो. एक ढग आला की त्या दिवसाचे काम बुडाले. आणि जूनमध्ये तिकडे दहाच्या सुमारास सूर्य मावळतो, म्हणजे साताऱ्यात रात्रीचा दीड! मास्तरांनी एक महिना तेही केले. मग त्यांच्या सूनबाईंनी भाच्याला फोन केला.

म्हणून दोन वर्षांपूर्वी पहिले झाकण आले. विक्रेत्याचे नाव सांगत नाही. त्याचा सांगाडा छपाईयंत्रावर थरावर थर चढवून केलेल्या प्लास्टिकचा होता. दिसायला सुबक, वजनाला हलके. पण ते प्लास्टिक साठ अंशांच्या आसपास मऊ पडते, आणि जुलैत एक्स्त्रेमादुरातले बाहेरचे तापमान चाळिसाच्या वर जाते. पत्र्याखाली, मिटलेल्या शेडीत, काळ्या नळीच्या तोंडावर काय होत असेल? झाकण वितळले नाही, नुसते वाकले. एका संध्याकाळी ते अर्धे उघडले आणि तिथेच अडकून बसले. देखरेखीचे गृहस्थ रजेवर. अकरा निरभ्र, बिनचांदण्या रात्री त्या अर्धोन्मीलित झाकणामागे वाया गेल्या. भाचा चिडला, तमिळ मित्राने पैसे परत मागितले. मास्तर काही बोलले नाहीत. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी अकरा रात्रींचा हिशेब माणूस मनातच करतो.

या खेपेला भाच्याने दोन झाकणे मागवली होती. एक ठेवायचे, एक परत करायचे. पहिले झाकण पातळ आणि नाजूक. त्यात एक विजेने चमकणारा कागदासारखा पापुद्रा असतो. संपूर्ण पापुद्राच उजळतो, त्यामुळे उजेड सुरेख पसरतो. पण त्याला चढ्या दाबाची वीज पुरवणारे वेगळे यंत्र लागते, वापरता वापरता तो फिका पडतो आणि त्याचा रंग निळसर-हिरवट. दुसरे झाकण अॅल्युमिनियमचे, जाडजूड, हाताला दोन किलो लागणारे. त्यात कडेने बारीक एलईडी दिवे आणि मध्ये दुधी अॅक्रिलिकची चकती. दिवे कडेला, पण उजेड चकतीभर. किंमत पाचसहाशे युरो, म्हणजे आपले पन्नास-साठ हजार. सौ.ने किंमत ऐकली आणि ते झाकण दोन्ही हातांनी धरले.

विक्रीपत्रकात दोघांनीही आपला उजेड 'पूर्णपणे समान' असल्याचे छापले होते. हे तपासायची एक युक्ती आहे आणि ती मला फार आवडली. झाकण लावून एक फ्लॅट घ्यायचा. मग झाकण काढून पाव वळसा फिरवून पुन्हा लावायचे आणि दुसरा घ्यायचा. दुर्बीण तीच, धूळ तीच, कोपरे तेच. फिरले ते फक्त झाकण. आता एका फोटोला दुसऱ्याने भागले की दुर्बिणीचे सारे दोष आपसांत खोडले जातात आणि झाकणाचा एकट्याचा दोष उघडा पडतो. पापुद्रेवाले पहिल्या परीक्षेत वरच्या क्रमांकाने उतरले. एलईडीवाल्याच्या एका कडेला शेकड्यात एकाचा फरक निघाला. भाच्याचा चेहरा पडला.

पण दुसरा पेपर रंगांचा होता. मास्तरांच्या राखेला हायड्रोजनच्या तांबड्या रंगाची गाळणी लागते. ती अगदी चिंचोळा रंग आत सोडते. पापुद्र्याच्या निळसर उजेडात तांबडे जवळपास नाहीच. एकेका फ्लॅटला चाळीस-चाळीस सेकंद लागू लागले. एलईडीवाल्याने तेच काम तीन सेकंदांत केले. उलट बिनरंगी गाळणीसमोर तो इतका भगभगीत, की सर्वांत मंद केला तरी सेकंदाच्या विसाव्या भागात फोटो पांढराफटक. त्यातून असले दिवे मंद करतात म्हणजे सेकंदाला शेकडो वेळा बंद-चालू करतात. डोळ्याला कळत नाही, पण एवढ्या आखूड फोटोत त्याचे पट्टे उमटतात. पट्टे आम्ही पाहिले. यावर तोड काढली ती बटर पेपरची! चकतीच्या आत बटर पेपरचे दोन गोल कापून बसवले. उजेड उतरला, पट्टे गेले आणि कडेचा तो फरकही निवळला. तांबड्या गाळणीला तीनाचे बारा सेकंद झाले, ते सोसण्यासारखे होते. पन्नास-साठ हजारांच्या वस्तूला दुरुस्ती वाणसामानाच्या दुकानातल्या कागदाची.

एवढ्यावर निवड झाली असती. पण संध्याकाळी देखरेखीचे गृहस्थ आले, दोन्ही झाकणे पाहिली आणि त्यांनी उजेडाबद्दल काहीच विचारले नाही. वर छपराकडे बोट दाखवून म्हणाले, "हे अडकले तर माझे छप्पर मिटेल का?"

आम्ही सारेच वर पाहू लागलो. छप्पर एक आणि दुर्बिणी आठ. झाकण अर्ध्यात उभे राहिले आणि सरकत्या छपराची तुळई त्यावर आदळली, तर छप्पर थांबेल. आणि त्या रात्री पाऊस आला तर एका झाकणापायी आठजणांच्या दुर्बिणी भिजतील. २०२२ च्या मार्चात सहारातली धूळ स्पेनवर येऊन आकाश नारिंगी झाले होते. तशी धूळ आली तरीही छप्पर वेळेवर मिटायलाच हवे. शेजारच्या सात मालकांत कोणी बेल्जियमचा, कोणी इंग्रज. त्यांनी आमच्या भाच्याचे काय घोडे मारले होते?

साताऱ्याला फोन लावला. तिकडे मध्यरात्र उलटून गेली होती, पण मास्तर जागे होते. सगळे ऐकून घेतल्यावर म्हणाले, "उजेडाचं नंतर बघू. दोन्ही झाकणं कधीतरी बिघडणारच. बिघडल्यावर कोणतं कसं वागतं, तेवढं मला सांग. वीज गेली तर काय करतं? अर्ध्यात अडकलं तर कुठल्या बाजूला लोंबतं?"

मला वाटते, परगावच्या यंत्राची खरी पारख या तीन वाक्यांत आहे. दुकानात वस्तू चालताना दाखवतात; बिघडताना कोणी दाखवत नाही. आम्ही वीज काढून पाहिली. पापुद्रेवाल्याची लहान मोटार वीज असेतो जोर धरी, गेली की हात टेकी. वाऱ्याच्या झुळकेसरशी झाकण हलू लागले. एलईडीवाल्याच्या मोटारीला मळसूत्री गिअर होता. वीज गेली तरी झाकण जिथल्या तिथे घट्ट. शिवाय ते दोन स्क्रूंवर बसलेले, पान्हा-पकड न घेता नुसत्या अंगठ्याने सुटणारे. म्हणजे अडकलेच, तर देखरेखीचे गृहस्थ मिनिटभरात ते उतरवून ठेवू शकत होते. पापुद्रेवाले त्याच क्षणी परतीच्या खोक्यात गेले.

उरला छपराचा प्रश्न, आणि तो सोडवला सौ.ने. खोक्याच्या पुठ्ठ्यातून तिने झाकणाएवढा गोल कापला, चिकटपट्टीने नळीच्या तोंडाला लावला आणि दुर्बीण विश्रांतीला आडवी झोपवायला लावली. मग गोल निरनिराळ्या बाजूंनी अर्धा उघडून तिने टेपने अंतरे मोजली. बिजागरी वरच्या अंगाला असली तर अर्धे झाकण फण्यासारखे उभे राही आणि तुळईच्या वाटेत येई. बाजूला असली तर शेजारच्या बेल्जियन दुर्बिणीची तार अडे. बिजागरी खाली घेतली तर झाकण लोंबकळत राही. वर तुळई मोकळी, खाली खांबापासून चार बोटे अंतर. "खाली," सौ. म्हणाली आणि टेप गुंडाळून पर्समध्ये टाकली. देखरेखीच्या गृहस्थांनी छप्पर दोनदा सरकवून स्वतः खात्री केली, तेव्हा कुठे त्यांच्या चेहऱ्यावर हसू दिसले.

बाकीची कामे फुटकळ होती. पुढे दोन किलो वाढले म्हणून नळीच्या मागे लोखंडी वजन बांधले. झाकणावर एक हिरवा दिवा सतत लुकलुकत होता. त्यावर काळी पट्टी डकवली. संगणकाला दोन हुकूम पढवले: फ्लॅट घ्यायचे ते छप्पर मिटलेले असताना, अंधारात, म्हणजे फटीतून परका उजेड शिरायला नको; आणि छप्पर पुरते सरकल्याखेरीज झाकण उघडायचे नाही.

रात्री काम संपले तेव्हा आम्ही शेडीबाहेर येऊन उभे राहिलो. ओकच्या झाडांमागे आकाशगंगा इतकी ठळक होती, की सौ.ला आधी ढगच वाटला. ध्रुवतारा आपल्या पुण्यापेक्षा वीस अंश वर चढून बसलेला. याउलट, हिवाळ्यात आपल्याकडे दक्षिणेला सहज दिसणारा अगस्ती इथल्या क्षितिजावर कधी येतच नाही; समुद्र पिऊन टाकणाऱ्या त्या ऋषीचे दर्शन या लोकांच्या नशिबी नाही. भाचा म्हणाला, "मामा, मास्तरांना एकदा इथे आणायला हवं होतं." मी काही बोललो नाही. मागे पत्र्याच्या शेडीत एक मोटार किरकिरली. झाकण उघडत होते. हुकूम साताऱ्याहून सुटला होता.

सकाळी आम्ही आवरून निघालो तेव्हा छप्पर मिटलेले होते आणि आत, बंद झाकणाखाली, मास्तर त्यांच्या साडेअकराला निवांत फ्लॅट घेत होते. भाच्याच्या हातात बारीक केसांचा ब्रश होता. जाता जाता कॅमेऱ्याची काच एकदा झटकावी, असा त्याचा विचार. एवढ्यात फोन वाजला.

"कोपरे छान आलेत," मास्तर म्हणाले. "उजवीकडे खाली धुळीचा एक नवा कण दिसतोय. काल तुमच्या उघडझापीत बसला असेल. त्याला हात लावू नका. रात्रीच्या सगळ्या फोटोंत तो आहे आणि आता त्याचा फ्लॅटही निघालाय. पुसलात तर माझा हिशेब चुकेल."

भाच्याने ब्रश पिशवीत टाकला आणि गाडीचे दार उघडले.